भोक नसलेले हात

अगाथाचा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता, त्याला दोन वेण्या होत्या आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. शाळा सुटली की तो धावत तिच्या घरी यायचा, बूट दारात भिरकावायचा आणि ओरडायचा, "ताई, खायला काय आहे?" अगाथा तेव्हा पन्नाशी ओलांडलेली बाई. हातातलं काम टाकून ती त्याच्यापुढे ताटली ठेवायची आणि म्हणायची, "हळू खा की रे हावरटा, कोणी पळवून नेत नाही तुझं."

शाळेवर आलेला एखादा नवा मास्तर तिथे बसलेला असला तर त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. होऊ दे. गावात कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. अगाथाचा सख्खा भाऊ सायमन एका थंडीत खाडीच्या पातळ बर्फातून बर्फगाडीसकट खाली गेला, आणि त्यानंतर गावात जे पहिलं मूल जन्मलं ती रोझालीची मुलगी. थेक्ला आजी गावातली सगळ्यात म्हातारी, नावं देण्याचा मान तिचा. तिने बोटावरून पाण्याचा एक थेंब पोरीच्या ओठांवर सोडला आणि सायमनचं आपल्या भाषेतलं नाव, आयागिनार, तिच्या कानात सांगितलं. झालं! नावाबरोबर आयागिनार घरी आला. शाळेच्या हजेरीत तिला डार्सी म्हणायचे. म्हणोत बापडे.

त्या दिवसापासून पोर अगाथाचा भाऊ झाली आणि रोझाली, अगाथापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, तिची आई झाली. वाफेच्या न्हाणीत बायका घाम काढत बसल्या की अगाथा मुद्दाम आवाज बारीक करून म्हणायची, "आई गं, पाठ चोळ ना माझी." रोझाली तिच्या पाठीवर सपकन ओलं फडकं मारायची आणि सगळ्या बायका हसून हसून लोळायच्या.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र नव्हती ती. सायमन सापडला नव्हता. गावातल्या पुरुषांनी बर्फाला भोकं पाडून, दोरांना आकडे बांधून अख्खी खाडी चाळली होती. गाडी निघाली, एक हातमोजा निघाला, सायमन नाही निघाला. जो सापडत नाही तो तसाच राहतो, ओला, उपाशी. त्याला कोरडं करायचं, पोटाला घालायचं तर एकच वाट. त्याचं नाव ज्याच्याकडे गेलं त्याच्या अंगावर कपडा घालायचा, त्याच्या तोंडात घास द्यायचा. पोर जेवली की सायमन जेवला. पोरीला ऊब आली की तिकडे खाली सायमनला ऊब आली. म्हणून दर थंडीच्या तोंडाशी अगाथा तिला फरचा नवा अंगरखा शिवायची, डोळे फुटेस्तोवर बारीक टाके घालून. आणि धुरावर सुकवलेल्या सॅमन माशाच्या पट्ट्या तिच्यासाठी वेगळ्या काढून ठेवायची, कारण सायमनचा जीव सॅमनवर होता.

हेरिंग मासा मात्र त्याला नको असायचा. आता आमच्या किनाऱ्यावर जन्मून हेरिंग नको म्हणायचं म्हणजे काय! बर्फ गेलं की सगळं गाव हेरिंग काढतं, गवताच्या वेण्यांत ओवून वाळत घालतं आणि वर्षभर तेच खातं. पण सायमन लहानपणापासून तोंडात घेतलं की थुंकायचा. मार खाल्ला तरी थुंकायचा. डार्सी दोन वर्षांची असताना रोझालीने तिला सुक्या हेरिंगचा तुकडा सील प्राण्याच्या तेलात बुडवून दिला, तर पोरीने तोंड वाकडं केलं आणि थू करून जमिनीवर टाकला. अगाथा तिथेच होती. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आनंदाने, दुसरं कशाने. मग घरोघरी जाऊन सांगत सुटली, "थुंकला बरं का! अगदी तस्साच थुंकला, मेला!"

अगाथा ठसे कोरायची. जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमच्या तुकड्यावर छोट्या, खोलगट टोकाच्या हत्याराने चित्र कोरायचं, काळी शाई लाटायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासून घासून छाप काढायचा. दूरच्या निवासी शाळेत एका बाईंनी तिला हे शिकवलं होतं. चित्रं मात्र तिच्या आजोबांची. आजोबा मुखवटे कोरायचे, पाद्र्यांनी नाचावर डोळे वटारले तरी कोरायचे. सीलच्या पोटात माणसाचा चेहरा, कारण सीलच्या आत एक माणूस असतो आणि तो सगळं बघत असतो. डोळा म्हणजे वर्तुळ आणि मध्ये ठिपका. मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना दोन हात, अंगठा नसलेले, आणि प्रत्येक तळहाताला आरपार भोक. नाच झाला की आजोबा मुखवटा जाळून टाकायचे. लहानपणी अगाथाने एकदा हट्ट धरला होता, हा मला ठेवायचाय म्हणून. आजोबा म्हणाले, "त्याचं काम झालं. आता अडवायचं नाही त्याला." आणि तिच्या डोळ्यांदेखत चुलीत घातला.

"कागदावर काढलेला मुखवटा कोण घालून नाचणार गं?" थेक्ला आजी तिला चिडवायची.

"भिंत नाचेल," अगाथा म्हणायची.

सायमन गेला त्या थंडीत अगाथाने एक ठसा कोरायला घेतला. सील कोरलं. पोटात सायमनचा चेहरा कोरला, तुटक्या दातासकट. डोळ्यांची वर्तुळं कोरली. हात कोरले, अंगठ्याशिवाय, रीतसर. तळहात राहिले. ठशात जे कोरून काढायचं ते पांढरं उमटतं, आणि तळहाताच्या मधोमध तेवढा एक गोल काढायचा होता. हत्यार टेकवलं तिने. पण हात पुढे जाईना. बाहेर खाडीवर माणसं बर्फाला भोकं पाडत होती आणि तो टण टण आवाज घरात येत होता. अगाथाने हत्यार बाजूला ठेवलं आणि तळहात तसेच सोडले. छाप निघाला तेव्हा दोन्ही हात अख्खे, काळेकुट्ट उमटले.

थेक्ला आजीने तो कागद डोळ्यांजवळ धरून बघितला, मग लांब धरून बघितला. "हात बुजवलेस गं तू."

"बुजवले."

"विसरलीस का?"

"विसरेन कशी?"

"अगं मग? भोकातून निसटून जातात ते, म्हणून तर पुढच्या वर्षी आपल्याकडे येतात. सील काय, पक्षी काय, माणूस काय. तू असा गच्च धरलास तर त्याने जायचं कुठून आणि यायचं कुठून?"

"मला नाही सोडायचं त्याला," अगाथा म्हणाली. "एकदा निसटला तेवढं पुरे झालं."

आजीने कागद परत दिला. थोड्याच दिवसांत रोझालीला मुलगी झाली, नाव दिलं गेलं, आणि पुढे ती हेरिंग थुंकली. अगाथाने मनाशी पक्कं केलं की आपण धरला म्हणूनच तो राहिला. बुजवलेल्या हातांनी काम केलं. आता हे तिचं चुकलंच, पण तेव्हा कोण सांगणार आणि ती ऐकणार!

ठसा भलताच गाजला. छाप शहरात गेले, विमानतळाच्या भिंतीवर लागले, एका मोठ्या बँकेच्या दालनात लागले. गावात एकाच्याही घरात नव्हता. बुडालेल्या माणसाचा चेहरा कोण लावणार जेवायच्या टेबलावर?

तर पोर सात वर्षांची असतानाची गोष्ट. थंडी ओसरत आलेली. अगाथा तिला घेऊन खाडीवर गेली होती, बर्फाच्या भोकातून छोटे मासे धरायला. ऊन पडलं होतं. पोर मजेत होती, गळ वरखाली हलवत गाणं म्हणत होती. आणि अगाथाच्या तोंडून ते गेलं. इतकी वर्षं ओठांशी येऊन परत जायचं, त्या दिवशी गेलं.

"आयागिनार, एक सांगशील? तू कुठे गेलास रे खाली? त्या सुळक्याच्या अलीकडे की पलीकडे?"

पोरीने गळ हलवायचा थांबवला. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ताईने इतक्या मायेने कधीच काही विचारलं नव्हतं, आणि उत्तर देऊन ताईला खूश करावं एवढंच तिला कळलं. तिने बोट दाखवलं. "तिथे."

अगाथाने दुसऱ्या दिवशी चुलतभावाला पिटाळून तिथे आकडे टाकायला लावले. चिखल निघाला. तिने पुन्हा विचारलं. पोरीने दुसरीकडे बोट दाखवलं. पुन्हा चिखल. मग रोजच सुरू झालं. पोर खायला आली की ताटलीआधी प्रश्न. पाणी काळं होतं का? पायाला गवत लागलं का? मला हाक मारलीस का रे तू?

एका सकाळी रोझाली दार ढकलून आत आली, अंगात धड कोट नाही, केस विस्कटलेले.

"तू काय विचारतेस माझ्या पोरीला?"

"आई, अगं बस तरी..."

"आई म्हणू नकोस मला! झोपेतून किंचाळत उठते ती. मला विचारते, आई, मी बुडाले तेव्हा तू कुठे होतीस? काय सांगू मी तिला? सांग ना! अंघोळीच्या टबात बसत नाही ती आता. पेला तोंडाला लावताना डोळे मिटते."

"मी फक्त..."

"तू फक्त! तू खायला घातलंस, मी नको म्हणाले का? शिवलंस, नको म्हणाले का? माझी पोर तुझा भाऊ, मिरवत होते मी. पण ती खाडीतून प्रेतं काढायचा आकडा नाहीये, अगाथा."

खाली मान घालून अगाथा टेबलावरची शाई पुसत राहिली, जिथे शाई नव्हती तिथेही.

संध्याकाळी ती थेक्ला आजीकडे गेली, निदान कोणीतरी आपली बाजू घेईल म्हणून. आजी अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. "त्याला भरवायचं, त्याची थट्टा करायची, त्याच्याशी भांडायचं," आजी म्हणाली. "मरण कसं आलं ते विचारायचं नसतं. ते मागे टाकून येतो बिचारा. तू परत त्याच्या गळ्यात बांधलंस."

"आता काय करू?"

"मला काय विचारतेस? हात बुजवताना विचारलं होतंस?"

रोझालीने त्याच उन्हाळ्यात गाव सोडलं. तिची बहीण अँकरेज शहरात होती, तिथे काम मिळालं. विमान धावपट्टीवर उभं होतं आणि अगाथा कुंपणापाशी. पोरीने खिडकीतून हात हलवला की नाही, हे तिला आजतागायत ठाऊक नाही. काचेवर ऊन होतं. थंडी आली तसा तिने अंगरखा शिवला आणि पाठवला. तो न उघडता परत आला. पुढच्या वर्षीही तसाच आला. दोन्ही वर्षं अगाथा खाडीकडे पाठ करून बसायची. तिकडे तो कुडकुडत असणार, आणि आपण इथे शेगडीपाशी! थेक्ला आजीही गेली. वाफेच्या न्हाणीत आता अगाथाची पाठ कोणी चोळत नव्हतं.

आणि तेवढ्यात शहरातून बोलावणं आलं. मोठ्या संग्रहालयात तिच्या ठशांचं प्रदर्शन, तिचा सत्कार. अगाथाला सत्काराचं काय कौतुक? पण प्रदर्शन अँकरेजला होतं. तिने रोझालीला फोन केला. रोझाली म्हणाली, "येते घेऊन. पण एक शब्द जरी विचारलास ना..."

"नाही विचारत. शपथ."

अगाथाने नवा अंगरखा घेतला, सॅमनच्या सगळ्यात लुसलुशीत पट्ट्या घेतल्या, आणि रोझालीसाठी हेरिंगची एक जाडजूड वेणी. शहरात राहून किनाऱ्याच्या बाईला हेरिंगविना दिवस काढावे लागतात, हे तिला कळत होतं. राग थोडा तरी निवळेल, एवढाच हिशेब.

संग्रहालयात भिंती पांढऱ्या, माणसं काळ्या कपड्यांत. सायमनच्या ठशाच्या शेजारी काचेच्या पेटीत एक जुना मुखवटा ठेवला होता, त्याचे हात भोकांचे. चष्मेवाल्या एका बाईने माईकवर सांगितलं की परंपरेतला खुला तळहात या कलावतीने मिटवला, हा हरवत चाललेली संस्कृती घट्ट धरून ठेवण्याचा आधुनिक हुंकार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंबलाचा हुंकार! अगाथाला त्या बाईचा हात धरून बर्फावर न्यावंसं वाटलं. पण ती मान हलवून हसली, आणि तिचे डोळे दाराकडे होते.

त्या आल्या. रोझाली जाड झाली होती. तिच्याबरोबर एक दहा वर्षांची उंच पोर, केस कापलेले, गुलाबी जाकीट.

"हॅलो, अगाथा," पोर म्हणाली.

ताई नाही. कोपऱ्यातल्या बाकावर त्या तिघी बसल्या. अंगरखा काढला, पोरीने आढेवेढे न घेता घालून बघितला. मनगटं वीतभर बाहेर आली, पाठीवर शिवण ताणली गेली. अगाथाने दोन वर्षांचा अंदाज बांधून बेतला होता, पोर अंदाजाच्या पुढे गेली होती. "छान आहे," पोर म्हणाली आणि अलगद काढून घडी करून परत दिला. कोणी पाहुण्याची वस्तू परत करावी तसा.

मग अगाथाने डबा उघडला. "हे घे, सॅमन. तुझं आवडतं."

पोरीने वास घेतला. "धुराचा वास येतो फार. नको, थँक्यू."

रोझालीला मात्र वेणी दिसली होती. तिने भुकेल्यासारखा एक मासा तोडला आणि तिथेच, त्या पांढऱ्या भिंतींच्या मध्ये, दातांनी सोलून खायला लागली. "अगं आई गं," ती डोळे मिटून म्हणाली. "अगाथा, काय आणलंस तू हे!"

"मला?" पोरीने हात पुढे केला.

अगाथा म्हणणार होती, तू नाही खात ते. तोवर तुकडा तोंडात गेला होता. अगाथा तिच्या ओठांकडे बघत राहिली. आता थुंकेल. आता तोंड वाकडं करेल. थुंक रे, ती मनात म्हणत होती, या चकचकीत फरशीवर थुंक, मी पुसेन.

पोर चावत राहिली. गिळलं. बोटं चाटली. "हे मस्त आहे," ती म्हणाली आणि वेणीतून आणखी एक तोडलं.

अगाथाला रडू आवरेना. रोझालीने दचकून खाणं थांबवलं. "काय झालं? कोणी काही बोललं का तुला?"

"काही नाही. तिखट लागलं असेल."

"हेरिंग? तिखट?"

पोर तेवढ्यात उठून मुखवट्याच्या पेटीपाशी गेली होती. तिने मुखवट्याकडे बघितलं, शेजारच्या ठशाकडे बघितलं आणि मान वळवून विचारलं, "याच्या हातांना भोकं आहेत. तुझ्या का नाहीत?"

"मला वाटलं, तो पडेल," अगाथा म्हणाली.

"कोण?"

अगाथाने शपथ घेतली होती. तिने विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही.

गावी परतली तेव्हा खाडीचं बर्फ फुटत होतं. पलंगाखालून तिने त्या ठशाचा कोरलेला ठोकळा काढला, मांडीवर घेतला आणि हत्याराने दोन्ही तळहातांत भोकं पाडली. ठशाच्या धंद्यात छाप संपले की ठोकळा असाच मोडतात, पुन्हा कोणी छापू नये म्हणून. पण तिने त्यासाठी नाही पाडली. एकच छाप काढला. दोन पांढरे गोल उमटले. तो कागद, नको झालेला अंगरखा आणि सॅमनच्या पट्ट्या घेऊन ती किनाऱ्यावर गेली. अंगरखा वाळूवर पेटवला. फर जळल्याचा वास गावभर गेला, पण कोणी विचारायला आलं नाही. सॅमन तिने बर्फाच्या फटीत टाकला, त्यावर कागद सोडला. तो एका कडेने भिजला, मग वळला आणि बर्फाखाली गेला.

"जा," ती म्हणाली. "माझ्याच्याने नव्हतं रे होत. जा आता."

पाणी आपलं चाललं होतं. काही झालं नाही. तिने उगाच थोडा वेळ वाट बघितली आणि घरी आली.

हेरिंग आलं तेव्हा ती अंगणात बसून वेणी घालत होती. आतून फोन वाजला.

"अगाथा? मी बोलतेय. ते मासे संपले. आई म्हणाली तुलाच विचार. अजून आहेत?"

तिच्या जिभेच्या टोकाशी एकच हाक होती, दहा वर्षांची सवय. तिने ती गिळली.

"पाठवते, डार्सी," ती म्हणाली.

फोन ठेवून ती परत अंगणात आली आणि पुढचा मासा ओवला. त्या उन्हाळ्यात तिने सॅमन धुरावला नाही. खाणारं कोणी नव्हतं.